श्वासावरचं कुलूप

टांगेवाला झिंगला तरी घोडा शुद्धीत असायचा. लगाम सैल सुटला, तरी सवयीच्या वाटेनं तो मालकाला घरापर्यंत आणून सोडायचा. मोटार आली आणि माणसाचा हा शुद्धीवरचा सोबती गेला. यंत्राला किल्ली कळते. ती कुणाच्या हातात आहे, हे कळत नाही. १० सप्टेंबर १८९७ रोजी लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या चालकानं आपली विजेवर चालणारी टॅक्सी एका इमारतीवर घातली. दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल शिक्षा झालेला हा पहिला माणूस मानला जातो. त्याला दंड झाला.

समोरच्या माणसाची शुद्ध तपासून मगच सुरू होईल, अशी मोटार करावी, ही कल्पना प्रत्यक्षात यायला त्यानंतर सत्तर वर्षं लागली. आज अमेरिकेत आणि युरोपातल्या काही देशांत दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेल्या माणसाच्या गाडीत असं यंत्र बसवलं जातं. त्याला ‘इग्निशन इंटरलॉक’ म्हणतात. मी त्याला श्वासावरचं कुलूप म्हणतो.

कुलूप करायचं तर आधी नशा मोजता आली पाहिजे. पूर्वी पोलीस तोंडाचा वास घेत, सरळ रेषेवर चालायला लावत आणि कोर्टात मग पोलिसाचा शब्द विरुद्ध चालकाचा शब्द असा सामना होई. १९३१ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या रोला हार्गर या प्राध्यापकांनी ‘ड्रंकोमीटर’ तयार केलं. संशयितानं फुगा फुगवायचा, त्यातली हवा पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणातून सोडायची आणि रंग किती उडाला, ते पाहायचं. रक्तातलं अल्कोहोल फुप्फुसांतून श्वासात उतरतं, त्यामुळे श्वासावरून रक्ताचा अंदाज बांधता येतो, हे त्यामागचं तत्त्व. १९५४ साली रॉबर्ट बॉर्केनस्टाइन यांनी ‘ब्रेथलायझर’ आणलं आणि तपासणी रस्त्यावर सोपी झाली. नॉर्वेनं १९३६ सालीच रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा कायद्यात आकड्यानं लिहिली होती. ब्रिटननं ती १९६७ साली, १०० मिलीलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अशी घातली.

पण हे सगळं गाडी रस्त्यावर आल्यानंतरचं. गाडी सुरूच होऊ नये, यासाठीचं पहिलं यंत्र १९६९ साली अमेरिकेतल्या बोर्ग-वॉर्नर कंपनीनं केलं. गंमत अशी, की त्या काळातली ही यंत्रं श्वास तपासत नव्हती. ती चालकाची हुशारी तपासत होती. समोर दिसलेले आकडे लक्षात ठेवून पुन्हा दाबायचे, असला तो प्रकार. पण न पिताही ज्याचा हात संथ चालतो, असा माणूस नापास होणार आणि रोजच्या पिण्यानं पक्का झालेला पास होणार, ही त्यातली अडचण होती.

त्याच सुमारास अमेरिकेनं आणखी एक कुलूप लावून पाहिलं. १९७४ सालच्या नव्या गाड्या सीट बेल्ट लावल्याशिवाय सुरू होणार नाहीत, असा सरकारी नियम आला. लोक खवळले. माझ्या गाडीत मला अडवणारे तुम्ही कोण, असा सूर उठला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संसदेनं कायदा करून ते कुलूप काढून टाकलं. सगळ्यांना लावलेलं कुलूप लोकांना सोसलं नाही.

मग १९८० साल आलं. ३ मे रोजी कॅलिफोर्नियात फेअर ओक्स इथं रस्त्याच्या कडेनं चाललेल्या कॅरी लाइटनर या १३ वर्षांच्या मुलीला एका मद्यधुंद चालकानं उडवलं. तो याच गुन्ह्यात आधीही सापडलेला होता आणि जामिनावर सुटलेला होता. कॅरीची आई कँडी लाइटनर यांनी आयांची एक संघटना उभी केली, तीच पुढे ‘मॅड’ या नावानं जगाला माहीत झाली. तोवर असल्या घटनांना अपघात म्हणायची पद्धत होती. या आयांनी त्याला गुन्हा म्हणायला लावलं.

मी कवी आहे. साकी, पेला, मैखाना हे शब्द लहानपणापासून माझ्या कानांवर आहेत. गझलेतला माणूस पितो, रडतो, फार तर मैखान्याच्या पायरीवर पडून राहतो. त्याच्या हातात गाडीची किल्ली नसते. म्हणून त्याचं पिणं हा त्याचा आणि त्याच्या देवाचा मामला राहतो. किल्ली हातात आली, की त्यात कॅरीही येते.

सवयीचा गुन्हेगार परवाना काढून घेतल्यानं थांबत नाही, हेही तोवर उघड झालं होतं. परवाना हा कागद. तो खिशात नसला तरी गाडी चालते. म्हणून कॅलिफोर्नियानं १९८६ साली कायदा करून दोषी ठरलेल्यांच्या गाड्यांत श्वास तपासणारं कुलूप बसवण्याचा प्रयोग सुरू केला. सुरुवातीची यंत्रं सिगारेटच्या धुरालाही फसत. पुढे त्यांत ‘फ्युएल सेल’ आला. त्यात श्वासातलं अल्कोहोल प्लॅटिनमवर जळतं आणि त्यातून सूक्ष्म वीजप्रवाह निघतो. जेवढं अल्कोहोल, तेवढा प्रवाह. १९९२ साली अमेरिकी सरकारनं या यंत्रांसाठी नमुना-मानकं ठरवली.

चालकानं नळीत फुंकायचं. श्वास स्वच्छ असेल तर किल्ली चालते. पठ्ठे त्यातूनही पळवाटा काढत. मित्राला फुंकायला लावायचं, फुग्यात भरून आणलेली हवा सोडायची. म्हणून ठरावीक पद्धतीनंच फुंकण्याची अट आली, पुढे कॅमेरे आले. वाटेतही मधूनच पुन्हा फुंकावं लागतं. त्या वेळी नापास झाला तर इंजिन बंद पडत नाही, कारण भर रस्त्यात गाडी थांबणं हाच एक धोका. पण हॉर्न आणि दिवे बोंब ठोकतात आणि नोंद अधिकाऱ्यांपर्यंत जाते. यंत्राचा खर्च साधारणतः दोषी माणसानंच करायचा. २००५ साली न्यू मेक्सिको राज्यानं पहिल्याच गुन्ह्याला हे कुलूप सक्तीचं केलं. आज अमेरिकेच्या सगळ्या ५० राज्यांत या ना त्या स्वरूपात तसा कायदा आहे.

उपयोग होतो का? अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०११ साली निघाला. यंत्र गाडीत असेपर्यंत पुन्हा पकडलं जाण्याचं प्रमाण सुमारे ६७ टक्क्यांनी घटतं, असं त्यात दिसलं. पण यंत्र काढलं, की ते प्रमाण पुन्हा पूर्वपदावर येतं. कुलूप हात धरतं, मन धरत नाही. स्वीडननं १९९९ साली आपला प्रयोग सुरू केला, तेव्हा हे ओळखून कुलपाच्या जोडीला नियमित वैद्यकीय तपासणी ठेवली. माणूस दारूपासून खरोखर दूर झाला आहे, हे दोन वर्षं दाखवावं लागे. मला हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. हे कुलूप पकडल्या गेलेल्यालाच लागतं. कधीच न सापडलेल्याला नाही. ६ जानेवारी २०१९ रोजी केंटकी राज्यात उलट्या दिशेनं आलेल्या मद्यधुंद चालकानं मिशिगनच्या अब्बास कुटुंबातल्या पाचही जणांचा बळी घेतला. सुट्टी संपवून ते घरी परतत होते. त्यांच्या स्मरणार्थ नाव दिलेल्या विधेयकातून २०२१ साली अमेरिकेत कायदा झाला, की नव्या सगळ्या गाड्यांत चालकाची नशा ओळखणारी व्यवस्था असावी. नियम करायला ३ वर्षांची मुदत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती उलटली, नियम झाला नाही. म्हणजे १९७४ चाच प्रश्न पुन्हा उभा आहे: न केलेल्या गुन्ह्यासाठी सगळ्यांनी कुलूप का सोसावं? फ्रान्सनं मधला मार्ग काढला. १ सप्टेंबर २०१५ पासून तिथं प्रवासी बसगाड्यांना हे यंत्र सक्तीचं झालं. ज्याच्या हाती पन्नास जीव, त्यानं आधी फुंकून दाखवावं, यात कुणाचा अपमान नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहे. मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ब्रिटनच्या १९६७ च्या मर्यादेपेक्षा कितीतरी कडक. २०१९ च्या दुरुस्तीनं पहिल्या गुन्ह्याचा दंड १० हजार रुपये झाला, शिवाय सहा महिन्यांपर्यंतची कैदही होऊ शकते. पण या कलमात कुलूप नाही. आपण रक्कम वाढवत नेली, किल्लीला हात लावला नाही. दंडाची पावती खिशात असली, तरी गाडी पहिल्याच फेऱ्याला सुरू होते.