आलेखिकी अनुवाद-स्तर
एका प्रचालन प्रणालीसाठी लिहिलेल्या संगणकीय खेळाच्या चित्रांकनविषयक आज्ञा, खेळ चालू असतानाच, दुसऱ्या प्रणालीला समजतील अशा आज्ञांत बदलणारी आज्ञावली. पडद्यावरील दृश्य उमटविण्यासाठी खेळ ग्राफिक्स कार्डाला ठराविक आज्ञाभाषेतून सूचना देतो. विंडोजवर १९९६ पासून मायक्रोसॉफ्टची ‘डायरेक्ट-थ्रीडी’ ही अशी भाषा रूढ झाली. लिनक्सवर ती उपलब्ध नव्हती.

लिनक्सवर विंडोजच्या आज्ञावल्या चालाव्यात म्हणून १९९३ मध्ये ‘वाइन’ हा स्वयंसेवी प्रकल्प सुरू झाला. त्यात डायरेक्ट-थ्रीडीचा अनुवाद ‘ओपनजीएल’मध्ये केला जाई. परंतु ओपनजीएलमध्ये स्मृतीची व्यवस्था बव्हंशी कार्डाच्या चालक-आज्ञावलीच्या हाती असल्याने अनेक खेळ मंदावत. हा दोष अनुवादकांच्या कसबाचा नव्हता. लक्ष्यभाषाच अपुरी होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हल्कन’ने ही सूत्रे आज्ञावली लिहिणाऱ्याकडे सोपविली. ‘नियर : ऑटोमाटा’ हा खेळ लिनक्सवर खेळता यावा, एवढ्या साध्या इच्छेतून फिलिप रेबोले यांनी व्हल्कनवर आधारित ‘डीएक्सव्हीके’ रचले. वाइन व डीएक्सव्हीके यांची सांगड घालून व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ प्रसृत केले; २०२२ मधील ‘स्टीम डेक’ हे हातात धरावयाचे यंत्र त्याच्याच बळावर विंडोजचे खेळ चालविते. या यशाचे श्रेय सामान्यतः कंपनीला दिले जाते. त्यामागील पंचवीस वर्षांच्या स्वयंसेवी श्रमांचा उल्लेख क्वचितच होतो.

छायांकनाच्या लघु-आज्ञावल्या ऐनवेळी अनुवादित कराव्या लागल्यास दृश्य क्षणभर अडखळते. काही सामूहिक ऑनलाइन खेळ मात्र फसवणूक-प्रतिबंधक यंत्रणेमुळे लिनक्सवर चालत नाहीत. तेथे अनुवाद कितीही अचूक असला तरी उपयोग होत नाही.