मिथेन, तांबं आणि चिखलातले जिवाणू

१८९७ साली मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून वायू तयार करून दिवे लावले गेले. पुढे जशभाई पटेलांची तरंगत्या टाकीची रचना आली, खादी ग्रामोद्योगाने ती उचलली आणि गोबरगॅस खेडोपाडी पोचला. आमच्या हिंगोली जिल्ह्यातही. पण एवढ्या वर्षांत आपण त्या मिथेनचं केलं काय? फक्त जाळला. तो टाकीजवळच वापरावा लागतो, कॅनमध्ये भरून वसमतच्या बाजाराला नेता येत नाही. उरला तर हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त पृथ्वी तापवतो.

त्याच मिथेनमध्ये ऑक्सिजनचा एक अणू घुसवला की मिथेनॉल होतं, म्हणजे डब्यात मावणारं द्रव इंधन. कागदावर एका ओळीचं काम. पण मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे ४३९ किलोज्यूल लागतात. कारखान्यात मिथेन वाफेबरोबर ८०० अंशांच्या वर तापवून आधी पार मोडतात, मग तांबं असलेल्या उत्प्रेरकावर, दाबाखाली, मिथेनॉल जुळवतात. गोठ्यामागे हे कोण उभारणार?

चिखलातले जिवाणू मात्र हे साध्या तापमानाला करतात. मिथेनवर जगणारा जिवाणू नेदरलँड्समध्ये सोनगेनने १९०६ मध्येच वेगळा केला होता. त्याचं गुपित तांब्यात आहे हे कळायला बराच काळ गेला. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये डाल्टन यांच्या गटाने दाखवलं, की तांबं मिळालं तर हे जिवाणू तांब्याचं विकर वापरतात, नाही मिळालं तर त्यातले काही लोखंडाच्या विकरावर जातात. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हा सरळ इफ-एल्स वाटतो. २००५ मध्ये अमेरिकेत एमी रोझेनझ्वाइग यांच्या गटाने त्या विकराची रचना पाहिली. तेव्हा वाटलं, जोडीने बसलेले दोन तांब्याचे अणू काम करतात. २०१९ मध्ये त्याच गटाने सांगितलं, जोडी नाही, एकेकटेच अणू. स्वतःचंच म्हणणं असं मोडणं मला फार आवडतं.

तांब्याने पकडलेला ऑक्सिजन मिथेनचा हायड्रोजन ओढून घेतो, हे जिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजात तांबं बसवूनही जमलं आहे. पण तिथे मिथेनॉल आतच चिकटून बसतं. ते धुऊन काढायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा सुरुवात.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आपल्याकडच्या भातशेतांतून असे जिवाणू वाढवले आहेत. त्यातला एक काकडीच्या आकाराचा, म्हणून नावही तसंच: मिथायलोक्युक्युमिस. अडचण एवढीच, की तो मिथेनॉल आपल्यासाठी ठेवत नाही. तयार होताच पुढे खाऊन टाकतो.