जंजिऱ्याचे हबशी आणि जन्मकुळाचा प्रश्न

मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या जंजिऱ्याच्या नावातच समुद्रापारचे नाते आहे, कारण ‘बेट’ या अर्थाच्या ‘जझीरा’ या अरबी शब्दाचे ते मराठी रूप असून, ज्यांनी हा जलदुर्ग मराठ्यांच्या वारंवारच्या वेढ्यांतही हातचा जाऊ दिला नाही ते सिद्दी, म्हणजेच हबशी, मूळचे हबशाणातले, अर्थात आजच्या इथिओपियाच्या परिसरातले होत. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज बाजारात विकले गेलेले गुलाम होते. दख्खनच्या सुलतानशाह्यांत लष्करी गुलामाला पराक्रमाच्या बळावर सरदारकी गाठता येई, आणि वारंवार विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता होऊन १६२६ मध्ये वारला तो याच व्यवस्थेत.

किल्ल्याच्या दरवाजावरच्या शिल्पातला हत्तींना पंजांत धरणारा शरभ आणि खोकरीच्या कबरींवरचे घुमट ही सत्ताधाऱ्यांची स्मृती आहे. परंतु सरदारकी ज्यांच्या वाट्याला आली नाही, जे आयुष्यभर पाणी भरत आणि ओझी वाहत राहिले, त्यांच्याविषयी इतिहासलेखन जवळजवळ मुके आहे, आणि ही उणीव गंभीर मानली पाहिजे. गुलामी केवळ हबशांचीही नव्हती, कारण पेशवेकालीन कागदपत्रांत ‘कुणबिणी’ आणि ‘बटकी’ म्हणून येणाऱ्या, विकत घेतलेल्या वा दंडादाखल दासी केलेल्या स्त्रिया याच मुलखातल्या होत्या. कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामावरील मालकी हक्क मानू नये असे ठरले, तर १८६० च्या दंडसंहितेने माणसांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. जंजिरा संस्थान मात्र १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत नबाबाच्या अमलाखाली राहिले.

जन्मावरून माणसाचे स्थान ठरवण्याचा हा प्रश्न पुढे जागतिक व्यासपीठावरही आला. संयुक्त राष्ट्रांनी १९६५ मध्ये वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा करार स्वीकारला, तेव्हा भेदभावाच्या व्याख्येत वंश आणि वर्ण यांच्या जोडीला ‘जन्मकुळ’ ही कसोटी भारताच्याच सूचनेवरून आली. कराराच्या पालनावर अठरा तज्ज्ञांची समिती लक्ष ठेवते, म्हणजे सदस्य देशांचे अहवाल तपासून निरीक्षणे नोंदवते. या समितीने २००२ मध्ये जन्मकुळाच्या भेदभावात जातीचा समावेश होतो असे स्पष्ट केले आणि त्याच्या खुणांत सार्वजनिक पाणवठ्यांवरील बंदी आणि कर्जापोटीची वेठबिगारीही धरली. जात म्हणजे वंश नव्हे, ही भारत सरकारची भूमिका २००७ च्या तपासणीतही कायम राहिली, आणि समितीचे मतही बदलले नाही.

जंजिऱ्याच्याच रायगड जिल्ह्यातल्या माणसाला या दोन्ही खुणा ओळखीच्या आहेत. पाणवठ्याचा प्रश्न महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजीच जगापुढे मांडला गेला होता. वेठीची खूण कातकऱ्यांच्या वस्तीत दिसते: खैराचा कात काढण्याचा पिढीजात धंदा वनकायद्यांनी हिरावल्यावर हा समाज कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांकडे वळला, जिथे हंगामापूर्वी घेतलेल्या रकमेला ‘उचल’ म्हणतात. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे, मुलेबाळे आणि भांडीकुंडी घेऊन भट्टीवर जातात. उचल मालकाच्या वहीत लिहिलेली असते, हिशेबही तोच करतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बाकी उरली तर ती पुढच्या हंगामावर जाते. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा आहे.