पेशीला आलेला सांगावा

आमच्या मालवण किनाऱ्यावर पूर्वी माणूस घर सोडायचा तो सांगाव्यावर. मुंबईहून चाचांचं पत्र यायचं, 'काम आहे, ये', आणि पोरगा वळकटी बांधायचा. १९९४ साली माझ्या आपाच्या स्तनातली गाठ तपासून डॉक्टर म्हणाले, "पसरलंय." मला वाटलं, या पेशींना कुणाचा सांगावा आला?

श्रोतेहो, प्रश्न जुना आहे. १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग वाटेल तिथे जात नव्हता. बी चहूकडे पडतं, रुजतं मात्र मानवेल त्या मातीत, असं त्यांनी मांडलं.

पण बी निघतं कसं? ते पाहायला पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जगवायला हवी. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे ही विद्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे शिकल्या. पुढे मुंबईत, डॉ. खानोलकरांनी उभ्या केलेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी तिची प्रयोगशाळा काढली.

याच विद्येने १९५२ मध्ये ब्राझीलमध्ये रीता लेवी-मोंताल्चिनी यांना नवल दाखवलं. उंदराच्या गाठीचा तुकडा मज्जापेशींजवळ ठेवताच, स्पर्शही न होता, तंतू भराभर फुटले. गाठीतून काही झिरपत होतं. ते प्रथिन होतं, 'ग्रोथ फॅक्टर'. त्यांना आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६चं नोबेल मिळालं.

१९८५ मध्ये ब्रिटनच्या मायकेल स्टोकर यांना असंच एक प्रथिन आढळलं. ते लागताच बिलगून बसलेल्या पेशी सुटून पांगत. पुढे कळलं, यकृताच्या पेशी वाढवणारं प्रथिनही हेच! म्हणजे सांगावा वाईट नाही. जखम भरायलाही पेशी अशाच हलतात. कर्करोगाची पेशी तोच सांगावा ऐकून शेजारणींचा हात सोडते आणि पुढे सरकते.

सांगावा घेणारी ग्राही प्रथिनं पेशीच्या अंगावर असतात. स्तनाच्या काही गाठींत त्यांच्याच कुळातलं 'हर-टू' फार वाढतं. त्याला अडवणारं औषध अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झालं. आपा तोवर गेली होती. तिची गाठ त्या जातीची होती का, हे कुणी तपासलं नव्हतं. आज ती तपासणी होते, विचारून घ्या.

आणखी एक. आपाने ती गाठ लाजेपोटी आठ महिने लपवली. पेशींचे सांगावे आत चालूच होते. आपाने आम्हाला मात्र सांगितलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)