दोन मैलांचे चित्र आणि तीन आण्यांचे तिकीट

१/ मेहकर तालुक्यातील आमच्या घरात आजीची एक पत्र्याची ट्रंक आहे. गेल्या दिवाळीत ती आवरताना तळाशी अंथरलेल्या जुन्या कागदांत एक गुलाबी हस्तपत्रक हाती लागले. वरचा अर्धा भाग कसरीने खाल्लेला होता आणि त्यासोबत चित्रपटाचे नावही गेले होते. उरली होती ती केवळ जाहिरात. आजचा धागा त्या उरलेल्या अर्ध्या कागदाविषयी आहे.

२/ कागदावर वाचता येते ते एवढेच : खेळ रात्री साडेनऊला. जमीन २५ न. पै., खुर्ची ५० न. पै. स्त्रियांची बसण्याची स्वतंत्र सोय. पाऊस आल्यास अथवा इंजिन बंद पडल्यास पैसे परत मिळणार नाहीत. नट नाहीत, दिग्दर्शक नाही, तारीखही नाही.

३/ तारीख मात्र काढता येते. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून चलनात आली आणि १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गळून नुसते ‘पैसे’ उरले. म्हणजे हा कागद बहुधा त्या सात वर्षांतला. इंजिनाचा उल्लेख सांगतो की गावात वीज नव्हती आणि खेळ फिरत्या तंबूतला होता. पंचवीस नवे पैसे म्हणजे जुने चार आणे.

४/ चित्रपट हरवला आणि त्याची जाहिरात मागे राहिली. भारतीय सिनेमाच्या इतिहासात हे अनेकदा घडले आहे. त्यामुळे जाहिरात हे आपले एक महत्त्वाचे साधन ठरते. पण हे साधन मुळात माल विकण्यासाठी जन्मलेले असते. त्याच्यावर विश्वास किती ठेवावा? या प्रश्नाचा माग काढण्यासाठी आपण प्रारंभापाशी जाऊ.

५/ ७ जुलै १८९६. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. त्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात आली होती आणि तीत या यंत्राला शतकातील नवल, जगातील आश्चर्य म्हटले होते. प्रवेशमूल्य एक रुपया. म्हणजे आपल्याकडे सिनेमा पडद्यावर येण्यापूर्वी कागदावर आला.

६/ थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेले. तेथे एकच दर न ठेवता चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत तिकिटांच्या पायऱ्या पाडण्यात आल्या आणि पडदानशीन स्त्रियांसाठी राखीव जागा जाहीर झाल्या. प्रेक्षक कोण असू शकतो याची व्याप्ती येथे जाहिरातीने वाढवली. आजीच्या कागदावरील दोन ओळींचे पूर्वज येथे भेटतात, हे ध्यानात ठेवा.

७/ आता दादासाहेब फाळके. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. त्यांच्याविषयी बोलताना आपण त्यांचा एक पेशा विसरतो. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते छपाईच्या धंद्यात होते. राजा रविवर्म्याच्या लोणावळ्याच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केले, पुढे स्वतःचा छापखाना चालवला आणि रंगीत छपाई शिकण्यासाठी जर्मनीलाही जाऊन आले. कोणते चित्र घराघरांतील भिंतीवर लागते, हे या माणसाने व्यवसाय म्हणून पाहिले होते.

८/ म्हणूनच त्यांची पहिली जाहिरात प्रेक्षकांसाठी नव्हती, ती भांडवलदारासाठी होती. कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी सुमारे महिनाभर थोडीथोडी टिपली आणि बी रुजून वेल होण्याची ती छोटी फिल्म पैसे लावू शकणाऱ्यांना दाखवली. कर्ज मिळाले. तरी पुरले नाही, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले.

९/ ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. त्याआधी २१ एप्रिलला ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला होता. प्रतिष्ठित लोकांनी आणि पत्रकारांनी आधी पाहावे, बोलावे, लिहावे, ही आजची रीत त्या वेळीही होती. कॉरोनेशनच्या कार्यक्रमात चित्रपटाच्या जोडीला मिस आयरिन डेलमार यांचे नृत्य होते, विनोदी प्रवेश होते आणि पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटूही होता. सत्यवादी राजाला सोबत म्हणून कसरतपटू द्यावा लागला!

१०/ मग हा चित्रपट सुरतेला गेला. फाळक्यांच्या चरित्रांतून सांगितली जाणारी हकीकत अशी : पहिल्या दिवशी गल्ला अवघा तीन रुपये झाला. थिएटरवाल्याचे म्हणणे पडले की येथील लोक दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहतात, ते दीड तासाच्या खेळाला तीन आणे कशाला देतील? चित्रपट लांबवा, नाहीतर दर उतरवा.

११/ फाळक्यांनी दोन्ही नाकारले आणि जाहिरात बदलली. नव्या जाहिरातीचा आशय असा होता : सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र आणि तेही फक्त तीन आण्यांत. गल्ला तीनशे रुपयांवर गेला, असे सांगतात.

१२/ येथे थांबून हिशेब करू. रुपयाचे सोळा आणे. सगळी तिकिटे तीन आण्यांची धरली तर तीन रुपये म्हणजे १६ प्रेक्षक आणि तीनशे रुपये म्हणजे १६०० प्रेक्षक. तीनाचे बरोबर तीनशे व्हावेत, हा योग सांगणाऱ्याच्या सोयीचा वाटतो. आकडे कथेत घोटून गुळगुळीत झाले असावेत. तरीही कथेचा गाभा, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, तपासता येतो.

१३/ ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट नोंदलेली आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात. ३,७०० गुणिले १६ म्हणजे ५९,२००. जाहिरातीतील सत्तावन्न हजार हा आकडा याच्या अगदी जवळ येतो. येथे छापखान्याच्या मालकाने हिशेब चोख ठेवला होता.

१४/ आणि दोन मैल? एक मैल म्हणजे ५,२८० फूट, म्हणून दोन मैल म्हणजे १०,५६०. प्रत्यक्ष फिल्म जेमतेम पाऊण मैलाचीही नव्हती. एकाच जाहिरातीत एक आकडा जवळपास खरा आणि दुसरा जवळपास तिप्पट फुगवलेला. प्रेक्षक चौकटी मोजणार नव्हता आणि फूटपट्टीही लावणार नव्हता. खऱ्या आकड्याच्या आडोशाने खोटा आकडा निर्धास्त आत शिरला.

१५/ फाळक्यांना लबाड ठरवण्यासाठी हा हिशेब मांडलेला नाही. जाहिरात वस्तूविषयी जितके सांगते, त्याहून अधिक गिऱ्हाइकाविषयी सांगते. सुरतेचा प्रेक्षक करमणूक तासांवर मोजत होता. फाळक्यांनी त्याच्या हाती नवे माप दिले : तास मोजू नका, चित्रे मोजा. ‘दोन मैल’ हा शब्द फिल्मच्या लांबीचा पुरावा म्हणून निरुपयोगी आहे. १९१३ चा माणूस पैशाचा मोबदला कसा जोखत होता, याचा मात्र तो पहिल्या प्रतीचा पुरावा आहे.

१६/ पुढचा टप्पा कोल्हापुरात घडला. बाबूराव पेंटर मूळचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत. कथासार आणि छायाचित्रे असलेल्या माहितीपुस्तिका आपल्याकडे प्रथम काढण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे पोस्टर हे भारतात टिकून राहिलेले सर्वांत जुने सचित्र पोस्टर मानतात.

१७/ चित्राचे पोस्टर का महत्त्वाचे? १९५१ च्या जनगणनेतही देशाची साक्षरता सुमारे १८ टक्के होती आणि स्त्रियांची ९ टक्क्यांच्याही आत. फाळक्यांची सुरतेची जाहिरात वाचता येणाऱ्यांसाठी होती. पेंटरांचे पोस्टर वाचता न येणाऱ्यालाही बोलावत होते. बाजारपेठ वाढवण्याची ही कला होती आणि तिच्या पोटी एक प्रकारची लोकशाहीही होती.

१८/ आता आपल्या जिल्ह्याकडे. बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणे, पण तेथे रेल्वे नाही. मुंबई–नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा उत्तरेकडून जातो. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून १८७० सालीच फाटा काढण्यात आला. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा घाटावरील मुलूख मात्र रुळांपासून दूर राहिला. ज्या रेल्वेने कापूस मुंबईला नेला, तिच्याच पार्सलांतून चित्रपटांची रिळे येऊ शकत होती. पण स्थानकापुढचा प्रवास मोटारीचा, नाहीतर बैलगाडीचा.

१९/ अशा मुलखात सिनेमा गावी आला तो टुरिंग टॉकीजच्या रूपाने. महाराष्ट्रभर या तंबूंचे वेळापत्रक यात्रांनी ठरवले, कारण गर्दी तेथे आधीच जमलेली असे आणि सुगीनंतर हातात चार पैसे असत. सिनेमा जुन्या गर्दीच्या शेजारी तंबू ठोकून बसला. आमच्याकडे देऊळगाव राजाची बालाजीची यात्रा दसऱ्याची, सैलानीची होळीनंतरची. हे पंचांग ठाऊक असणे हेच तंबूवाल्याचे निम्मे भांडवल.

२०/ आजोबांच्या आठवणीत भोंगा लावलेली गाडी आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी ती गल्लोगल्ली फिरे. आतला माणूस कथा रंगवून सांगे आणि ऐन वळणावर थांबून ‘पुढे काय झाले ते पडद्यावर’ म्हणे. मागून हस्तपत्रके उधळली जात आणि पोरे धुरळ्यात धावत. दवंडीची परंपरा असलेल्या गावाला ही भाषा परकी नव्हती. तंबूंचा तो उत्तरकाळ पाहायचा असेल तर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) हा माहितीपट अवश्य पाहा.

२१/ कोणी म्हणेल, चांगल्या कलाकृतीला जाहिरात कशाला हवी? ‘श्वास’चे उदाहरण घ्या. ‘श्यामची आई’नंतर सुमारे पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळवून देणारा हा चित्रपट २००४ साली भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला. तेथे पोहोचल्यावर कळले की मतदारांनी चित्रपट पाहावा यासाठीही खेळ लावावे लागतात, जाहिराती द्याव्या लागतात आणि त्याला मोठा पैसा लागतो. तो उभा करण्यासाठी महाराष्ट्रात सामान्य लोकांनी, शाळकरी मुलांनीही वर्गणी दिली. नामांकन मिळाले नाही. गुणवत्ता आणि तिचा बोलबाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी वेगळी किंमत मोजावी लागते, हा धडा मात्र मिळाला.

२२/ आता साधनांची अवस्था. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांतील मोजकेच आज पाहता येतात. खुद्द ‘राजा हरिश्चंद्र’ची पूर्ण प्रत उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली, म्हणजे फाळक्यांच्या पहिल्या खेळानंतर अर्धशतकाने. तोवर नायट्रेटच्या फिल्म जळल्या, कुजल्या, त्यांतील चांदीसाठी वितळवल्या गेल्या. अशा वेळी पोस्टर, पुस्तिका, हस्तपत्रक हेच साक्षीदार उरतात, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावीच लागते.

२३/ म्हणून जुनी जाहिरात हाती आली तर तिला चार प्रश्न विचारा. ती कोणाला बोलावते आहे? कोणत्या मापाने किंमत पटवते आहे? कोणता दावा मोजून पाहता येतो? आणि कोणती भीती ती आधीच दूर करू पाहते आहे? चौथा प्रश्न मला स्वतःला उशिरा सुचला. तो आजीने शिकवला.

२४/ मी तो कागद तिला दाखवून विचारले, सिनेमा कोणता होता? तिला आठवले नाही. नट आठवले नाहीत, गाणीही नाहीत. पण लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ती सिनेमाला गेली होती, हे पक्के आठवत होते. सासूबाई सोडायला तयार नव्हत्या. मग कोणीतरी हा कागद मोठ्याने वाचून दाखवला : स्त्रियांची बसण्याची स्वतंत्र सोय. सासूबाई म्हणाल्या, “मंग जाय, पन जावेला संगं ने.”

२५/ ती ओळ लिहिणाऱ्याला २५ नवे पैसे हवे होते, याहून उदात्त हेतू त्याच्यावर लादण्याचे कारण नाही. पण त्या ओळीमुळे आमच्या घरातील दोन सुना त्या रात्री उंबरठा ओलांडून गेल्या. आजीने चित्रपट विसरून कागद जपला. तो ट्रंकेत होता तो अस्तर म्हणून, असे मी धरून चाललो होतो. तिने सांगितले, “अस्तर वरून टाकलं होतं. हा कागद त्याच्या खाली होता.”

२६/ घाटावर, घाटाखाली, जेथे कोठे आपले घर असेल तेथील ट्रंका, वह्यांची वेष्टने, देवघरातील फळीखालचे कागद एकदा पाहा. हस्तपत्रक सापडले तर दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या, गाव लिहून ठेवा आणि ते कोणी जपले त्या व्यक्तीशी बोला. कागद थांबू शकतो, ती माणसे फार काळ थांबणार नाहीत. धागा येथे संपतो. सापडलेले अवश्य कळवा.