भारतीय क्रिकेट निवड समितीच्या अध्यक्षाची नियुक्ती (२०२३)

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या (बीसीसीआय) वरिष्ठ पुरुष निवड समितीचे अध्यक्षपद फेब्रुवारी २०२३ मध्ये चेतन शर्मा यांच्या राजीनाम्यामुळे रिक्त झाले. सुमारे साडेचार महिन्यांनी, ४ जुलै २०२३ रोजी, मुंबईचे माजी वेगवान गोलंदाज अजित आगरकर यांची त्या पदावर नियुक्ती झाली. मायदेशातील एकदिवसीय विश्वचषक तेव्हा अवघ्या तीन महिन्यांवर आला होता.

पदाचे स्वरूप

अमेरिकेतील बेसबॉल संघाचा महाव्यवस्थापक खेळाडूंशी करार करतो, त्यांची अदलाबदल करतो आणि खर्चाचा मेळही घालतो. भारतीय निवड समितीच्या अध्यक्षाकडे यांपैकी बहुतेक अधिकार नसतात. मात्र संघ आणि कर्णधार ठरवण्यात त्याच्या शब्दाला मोठे वजन असते. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यापूर्वी अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने मन्सूर अली खान पतौडी यांच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. पुढे चंदू बोर्डे, दिलीप वेंगसरकर, संदीप पाटील हे महाराष्ट्रीय खेळाडूही या पदावर होते.

पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२२ मध्ये टी-२० विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत इंग्लंडकडून दहा गडी राखून पराभूत झाला. त्यानंतर मंडळाने पाचही निवडकर्त्यांच्या जागांसाठी नव्याने अर्ज मागवले. सुमारे ६०० अर्ज आले, अकरा जणांना मुलाखतीसाठी निवडण्यात आले आणि जानेवारी २०२३ मध्ये अध्यक्ष म्हणून पुन्हा चेतन शर्मा यांचेच नाव जाहीर झाले. एवढ्या खटाटोपाचे हे फलित अनेकांना अनपेक्षित वाटले. पुढच्याच महिन्यात एका वृत्तवाहिनीच्या छुप्या चित्रणात ते संघाच्या अंतर्गत बाबींविषयी बोलताना दिसले आणि त्यांनी राजीनामा दिला. शिवसुंदर दास यांनी हंगामी अध्यक्ष म्हणून काम पाहिले.

निवडप्रक्रिया

जून २०२३ मध्ये एका जागेसाठी जाहिरात निघाली. उमेदवाराने किमान ७ कसोटी किंवा ३० प्रथम श्रेणी सामने, अथवा १० एकदिवसीय आणि २० प्रथम श्रेणी सामने खेळलेले असावेत आणि निवृत्त होऊन पाच वर्षे झालेली असावीत, अशा अटी होत्या. अटी अवघड नव्हत्या. अडचण मानधनाची होती. वृत्तपत्रांतील माहितीनुसार अध्यक्षास वर्षाला सुमारे एक कोटी रुपये मिळत. समालोचन किंवा आयपीएलमधील प्रशिक्षण यांतून नामवंत खेळाडूची याहून अधिक कमाई होऊ शकते, शिवाय निवडकर्त्याला ती कामे सोडावी लागतात. आगरकर स्वतः दिल्ली कॅपिटल्सचे सहायक प्रशिक्षक होते. त्यांच्या नियुक्तीच्या सुमारास मानधनात मोठी वाढ झाल्याचे वृत्त होते.

दुसरा प्रश्न विभागांचा होता. पाच विभागांतून प्रत्येकी एक निवडकर्ता घेण्याचा रूढ संकेत आहे. रिक्त झालेली जागा उत्तर विभागाची होती, तर पश्चिम विभागाचे सलील अंकोला समितीत आधीपासूनच होते. आगरकरांना घेतल्यास पश्चिमेचे दोन आणि उत्तरेचा एकही नाही, अशी स्थिती येणार होती. सुलक्षणा नाईक, अशोक मल्होत्रा आणि जतीन परांजपे यांच्या क्रिकेट सल्लागार समितीने तरीही एकमताने आगरकरांची शिफारस केली. २०२० मध्येही त्यांनी अर्ज केला होता. त्या वेळी पश्चिम विभागातून अॅबी कुरुविला यांची निवड झाली होती.

अध्यक्षपद मात्र कसोटी सामन्यांच्या संख्येवरून ठरले. आगरकर २६ कसोटी खेळले होते. दास यांचे २३, अंकोला आणि सुब्रतो बॅनर्जी यांचा प्रत्येकी एक सामना होता. श्रीधरन शरत कसोटी खेळलेच नव्हते. म्हणजे उरलेल्या चौघांचे सामने मिळूनही २५ च भरत. कसोटींची संख्या हा निवडकौशल्याचा पुरावा नव्हे; आगरकरांच्या बाबतीत मुंबईच्या निवड समितीचे अध्यक्ष म्हणून आलेला अनुभव अधिक प्रस्तुत होता.

त्यानंतर

आगरकरांच्या समितीने निवडलेला संघ १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे विश्वचषकाचा अंतिम सामना ऑस्ट्रेलियाविरुद्ध हरला. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोस येथे मात्र भारताने टी-२० विश्वचषक जिंकला. सप्टेंबर २०२४ मध्ये अंकोला यांच्या जागी हरियाणाचे माजी यष्टिरक्षक अजय रात्रा यांची नियुक्ती झाली आणि उत्तर विभागाला समितीत पुन्हा स्थान मिळाले.