पाणपिसूचे नागपुरी गणगोत

मारुंजी, हिंजवडी, माण या मुळशी तालुक्यातील मौज्यांत आषाढाच्या पावसाने जी डबकी साचतात, त्यांची नोंद महसुली दफ्तराने फार तर पोटखराबा या सदरात करावी आणि घरे बांधणाऱ्याने मुरूम लोटून ती बुजवावीत, याहून अधिक मान त्यांच्या वाट्यास सहसा येत नाही. तथापि उत्क्रांतिशास्त्राच्या इतिहासात आपल्याच मुलखातील, नागपूरच्या अशा एका गोड्या पाण्याचे नाव कायमचे गोवले गेले आहे.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आला तेव्हा भोसल्यांची गादी शाबूत होती. १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले, पण दगड, जीवाश्म, गोंडांच्या कथा आणि पाण्यातले जीव जमविण्याचे या गृहस्थाचे व्यसन काही सुटले नाही. चांद्याकडील मांगलीच्या खडकांतून ज्या झडपधारी जिवांचे अवशेष निघाले, त्यांच्याच जातकुळीचे, शिंपल्यासारख्या दोन झडपांत राहणारे, कोळंबीच्या दूरच्या नात्यातील चिमुकले प्राणी त्याला नागपूरच्या पाण्यात जिवंत आढळले. ब्रिटिश म्युझियममधील विल्यम बेअर्ड याने १८५९ मध्ये, म्हणजे डार्विनचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, त्यांतील एकाला ‘हिस्लोपी’ हे नाव दिले. हिस्लॉप स्वतः १८६३ मध्ये पुरात बुडून मेला. पुढे १८८७ मध्ये नॉर्वेच्या जॉर्ज ओसियन सार्सने ऑस्ट्रेलियाहून आलेला वाळका चिखल भिजवून त्यातून हाच प्राणी उत्पन्न केला आणि त्याच्यासाठी सायक्लेस्थेरिया हा वेगळा वंश कल्पिला.

या प्राण्याचे महत्त्व त्याच्या बाळंतपणात आहे. त्याच्या भाऊबंदांच्या अंड्यांतून पोहणाऱ्या अळ्या निघतात. ही माता मात्र पिलांना आपल्या झडपांच्या आडोशाला, आकार पुरा येईपर्यंत, वागविते. नेमकी हीच रीत पाणपिसूची, म्हणजे डॅफ्नियाची. उत्क्रांतीच्या अभ्यासाला ही पाणपिसू फार सोयीची. तिची मादी नरावाचून एकसारख्या लेकी प्रसवते, त्यामुळे रक्ताचा गुण कोणता आणि परिस्थितीचा कोणता हे निराळे काढता येते. शिवाय तळ्याच्या गाळात निजलेली तिची जुनी अंडी दशकांनंतर उबवून पणजी आणि पणती यांची एकाच भांड्यात तुलना करता येते. तिचा जनुकसंच २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, कवचधारी प्राण्यांतील तो पहिलाच. तिच्या घराण्याचे सर्वांत जवळचे सोयरे सायक्लेस्थेरिया ठरले आहे. पूर्वज नव्हे, भावंड, हा भेद उतावळे लेखक वारंवार विसरतात.

उष्ण कटिबंधात सर्वत्र सायक्लेस्थेरियाची एकच जाती नांदते, हा समज २०१३ मध्ये मोडला. पुण्याचे समीर पाध्ये ज्यात सहभागी होते त्या अभ्यासात, दिसायला सारख्या परंतु खडूयुगापासून (क्रिटेशस) फुटत गेलेल्या अनेक जाती निघाल्या. आणि नामकरणाच्या रिवाजाप्रमाणे वाटणी झालीच, तर ‘हिस्लोपी’ हे नाव नागपूरवाल्यांकडे राहील, इतरांना नवी नावे शोधावी लागतील.